विमान उतरते, फी आपण भरतो



नाताळची सुट्टी असो की शाळेची उन्हाळी सुट्टी, मुंबईचे तिकीट काढायची वेळ आली की आपल्या घराघरांत तीच चर्चा सुरू होते. भाडे किती, बॅगा किती न्यायच्या, आणि तिकिटाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेला 'टॅक्सेस, फीज अँड चार्जेस' हा आकडा एवढा मोठा कसा? 'सगळे विमानतळवाले खातात,' असे म्हणत आपण कार्डाचा नंबर टाकतो आणि मोकळे होतो.

यातले थोडेच खरे आहे. विमानतळ आपल्याकडून पैसे घेतो हे नक्की, पण कशाचे घेतो, किती घेतो आणि तो आकडा कोण ठरवते, हे समजून घ्यायला हवे. हीथ्रोच्या दरांचा सध्याचा कालखंड २०२६ अखेर संपतो आणि २०२७ पासून नवा सुरू होतो. तिसऱ्या धावपट्टीला ब्रिटिश सरकारने जानेवारी २०२५ मध्ये पाठिंबा जाहीर केला. तिकडे २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून विमाने उडू लागली. म्हणजे आपल्या प्रवासाच्या दोन्ही टोकांना कोट्यवधींचे बांधकाम झाले आहे किंवा होऊ घातले आहे. त्याचे बिल पुढची अनेक वर्षे आपल्या तिकिटावर येत राहणार, म्हणून हा लेखप्रपंच.

तळाच्या आकड्यात काय काय असते?

पहिला भाग सरकारचा. ब्रिटनमध्ये त्याला एअर पॅसेंजर ड्यूटी म्हणतात. नोव्हेंबर १९९४ मध्ये हा कर सुरू झाला तेव्हा युरोपसाठी ५ आणि इतर देशांसाठी १० पौंड होता. एप्रिल २०२६ पासून लंडन ते मुंबई एवढ्या अंतरासाठी तो सर्वांत खालच्या वर्गात १०२ पौंड आहे आणि वरच्या वर्गांत २४४ पौंड. हा पैसा विमानतळाला मिळत नाही, थेट सरकारी तिजोरीत जातो. ब्रिटनमधून निघतानाच तो लागतो, येताना नाही. मुंबईहून आपल्याला भेटायला आलेले आई-बाबा परत जातात तेव्हा त्यांच्या तिकिटातही तो असतोच.

दुसरा भाग विमानतळाचा. ब्रिटनमध्ये तो प्रवासी शुल्क म्हणून दिसतो, भारतात यूडीएफ म्हणजे यूजर डेव्हलपमेंट फी म्हणून. विमान उतरवण्याचे आणि उभे करण्याचे शुल्क विमान कंपनी भरते. ते तिकिटावर वेगळे दिसत नाही, मूळ भाड्यात मुरलेले असते.

तिसरा भाग मात्र मजेशीर आहे. अनेक कंपन्या आपलाच अधिभार याच रकान्यात घालतात. तो करही नसतो आणि विमानतळाची फीही नसते, नुसते भाड्याचे दुसरे नाव असते. साठवलेल्या माइल्सवर 'फुकट' तिकीट काढूनही शेकडो पौंड भरावे लागतात, ते बऱ्याचदा या अधिभारामुळे. तेव्हा आधी हे तीन भाग वेगळे करायला हवेत, नाहीतर राग भलत्यावरच निघतो.

वजनाची फी माणसांवर कशी आली?

लँडिंग फीची मूळ कल्पना अगदी साधी होती. जेवढे विमान जड, तेवढी धावपट्टीची झीज जास्त आणि मालकाची ऐपतही जास्त. म्हणून विमानाच्या कमाल वजनावर टनामागे दर. टोलनाक्यावर ट्रकला जास्त आणि गाडीला कमी, तसेच हे. भारतात आजही उतरण्याचे शुल्क वजनाच्या टप्प्यांनुसार आकारले जाते. ८० पेक्षा कमी आसनांच्या देशांतर्गत नियमित विमानांना ते माफ असते. 'उडान' योजनेतल्या फेऱ्यांनाही ते लागत नाही. एप्रिल २०१७ मध्ये त्या योजनेच्या पहिल्याच दिवशी नांदेड-हैदराबाद सेवा सुरू झाली, ती अशा सवलतींच्या आधारावर.

हीथ्रोवर हे गणित बदलले आहे. तिथे मोठ्या विमानांचे उतरण्याचे शुल्क मुख्यतः आवाजाच्या श्रेणीवर ठरते. विमान जितके गोंगाटी तितका दर चढा, आणि रात्री तो आणखी चढा. इंजिनातून निघणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइडचे शुल्क वेगळे. पण विमानतळाच्या शुल्कातला सर्वांत मोठा वाटा विमानाचा नाहीच, निघणाऱ्या प्रवाशांच्या डोक्यामागे लावलेल्या शुल्काचा आहे.

मुंबईतही वारे त्याच दिशेने वाहत आहेत. मे २०२५ पासून लागू झालेल्या आदेशानुसार मुंबईहून परदेशी जाणाऱ्या इकॉनॉमीच्या प्रवाशाला ६१५ रुपये यूडीएफ लागू झाली, आधी ती १८७ रुपये होती. परदेशातून उतरणाऱ्यालाही २६० रुपये लागू झाले. आणि विमानतळ कंपनीने जो प्रस्ताव मांडला होता, त्यातच विमानांचे लँडिंग आणि पार्किंगचे दर सुमारे ३५ टक्क्यांनी उतरवण्याची सूचना होती. म्हणजे विमानावरचे ओझे कमी करायचे आणि प्रवाशावर वाढवायचे.

यात नुसता डाव आहे असे आम्ही म्हणणार नाही. शुल्क वजनावर असले तर अर्धे रिकामे विमानही पूर्ण फी भरते, त्यामुळे कंपनी नवा मार्ग सुरू करताना कचरते. शुल्क माणसावर असले तर प्रवासी नसताना फीही नाही. रिकाम्या खुर्चीचा धोका कंपनीकडून विमानतळाकडे सरकतो आणि विमानतळाला ते चालते, कारण माणसे आली की दुकानेही चालतात. पण भरलेल्या विमानात बसलेल्या आपल्याला या फेरबदलातून काय मिळते, हा प्रश्न उरतोच.

सोसायटीच्या मेंटेनन्सचे गणित

मग हा आकडा ठरतो कसा? ठाण्या-डोंबिवलीत, पुण्यात ज्यांचा फ्लॅट आहे त्यांना हे चटकन कळेल. सोसायटीचा वर्षाचा खर्च काढायचा, तो सभासदांत वाटायचा, झाला मेंटेनन्स. खर्चात वॉचमनचा पगार, लिफ्टची दुरुस्ती आणि इमारतीसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता. तळमजल्यावर सोसायटीच्या मालकीची दोन दुकाने भाड्याने दिली असतील तर तेवढा मेंटेनन्स कमी.

विमानतळाचे तसेच असते. चालू खर्च, बांधकामाची वर्षागणिक घसारा-आकारणी आणि गुंतवलेल्या भांडवलावरचा परतावा यांची बेरीज करायची. त्यातून दुकाने आणि पार्किंग यांचे उत्पन्न वजा करायचे. उरलेल्या रकमेला प्रवाशांच्या संख्येने भागायचे. हे गणित ब्रिटनमध्ये सिव्हिल एव्हिएशन ऑथॉरिटी म्हणजे सीएए तपासते आणि दरडोई कमाल मर्यादा घालून देते. भारतात हेच काम २००८ च्या कायद्याने स्थापन झालेले 'एरा' हे प्राधिकरण करते.

दुकानांच्या उत्पन्नाबाबत मात्र दोन्हीकडे मोठा फरक आहे. हीथ्रोवर दुकाने आणि पार्किंगचे उत्पन्न हिशेबात धरून तेवढी फी कमी ठरते. भारतात २०१६ च्या नागरी विमान वाहतूक धोरणाने या उत्पन्नाचा ३० टक्केच भाग फी कमी करण्यासाठी धरायचे ठरवले, उरलेला कंपनीकडे राहतो. मुंबईला ही ३० टक्क्यांची पद्धत त्याआधीपासूनच होती. २००६ साली खासगीकरण झाले तेव्हा मुंबईच्या चालकाने उत्पन्नाचा ३८.७ टक्के हिस्सा एअरपोर्ट्स ऑथॉरिटीला देण्याचे कबूल केले. हा हिस्सा खर्च म्हणून फीमध्ये चढवता येत नाही, तशी अटच आहे. म्हणजे कंपनीला तो भरून काढायला बरीच भिस्त इतर कमाईवर ठेवावी लागते. गेटजवळचा चहा एवढा महाग का, याच्या उत्तराचा एक धागा इथे सापडतो.

आता हीथ्रोचा ढोबळ हिशेब करू. सीएएच्या हिशेबात हीथ्रोची मालमत्ता साधारण २० अब्ज पौंडांची आहे. त्यावर महागाई वगळून सुमारे सव्वातीन टक्के परतावा मान्य आहे. म्हणजे वर्षाला ६५ कोटी पौंडांच्या आसपास. २०२४ साली हीथ्रोवरून ८ कोटी ३९ लाख प्रवाशांनी ये-जा केली. भागाकार केला तर माणशी सुमारे पावणेआठ पौंड निव्वळ भांडवलाचा मोबदला होतो. त्यात घसारा मिळवला की लक्षात येते, आपल्या फीचा मोठा भाग विमान उतरवण्याच्या कामाचा नाही. तो इमारतींचा आणि त्यांत गुंतलेल्या पैशाचा आहे. २००८ साली सुरू झालेल्या एकट्या टर्मिनल ५ ला ४.३ अब्ज पौंड लागले होते.

प्रवासी कमी तर फी जास्त

या भागाकाराची दुसरी बाजू करोनाने दाखवली. २०१९ साली हीथ्रोवर ८ कोटी ९ लाख प्रवासी होते. २०२० साली २ कोटी २१ लाख झाले आणि २०२१ साली १ कोटी ९४ लाख. इमारती तेवढ्याच, कर्जही तेवढेच, वाटून घेणारे मात्र चौथाई उरले. परिणाम काय झाला? करोनापूर्वी दरडोई उत्पन्न साडेबावीस पौंडांच्या आसपास होते, ते कमाल मर्यादेच्या रूपाने २०२३ साली ३१ पौंड ५७ पेन्सपर्यंत चढले. प्रवासी परतले तसे २०२४ साली २५.४३ आणि पुढच्या दोन वर्षांसाठी पावणेचोवीस पौंडांच्या जवळ आले.

म्हणजे चहाच्या टपरीवर गिऱ्हाईक कमी झाले की चहा स्वस्त होतो, इथे महाग होतो! बाजाराचा नियम उलटा का चालतो? कारण हा बाजार नाहीच. लंडनहून मुंबईला थेट जाणाऱ्याला हीथ्रोला पर्याय फारसा नाही. म्हणून तर सीएएला मर्यादा घालावी लागते. बीएए या एकाच कंपनीकडे हीथ्रो, गॅटविक आणि स्टॅनस्टेड असे तीनही विमानतळ होते. स्पर्धा आयोगाने २००९ साली त्यातले दोन विकायला लावले, तेही याच कारणाने. हीथ्रोची मक्तेदारी मात्र जागेच्या जोरावर टिकून आहे.

नवी मुंबईत तीच गोष्ट दुसऱ्या रूपात दिसते. पहिल्या टप्प्याला सुमारे १९,६५० कोटी रुपये लागले. डोंगर सपाट करावा लागला, नदीचा प्रवाह वळवावा लागला. सुरुवातीला प्रवासी थोडे आणि खर्च डोंगराएवढा. म्हणून तिथे सुरुवातीसाठी जी तात्पुरती यूडीएफ मंजूर झाली, ती परदेशी जाणाऱ्यासाठी १,२२५ आणि येणाऱ्यासाठी ५२५ रुपये, म्हणजे जुन्या मुंबईच्या दुप्पट. पनवेल-उरणकडच्या माणसाला विमानतळ जवळ आला याचा आनंद आहेच, पण नव्या विमानतळाचे पहिले प्रवासी सर्वांत महागडे प्रवासी असतात हे ध्यानात ठेवावे.

टंचाईची मलई कोण खातो?

इथे एक विचित्र गोष्ट सांगायला हवी. हीथ्रोवर वर्षाला ४,८०,००० विमानांच्या ये-जा करण्याची मर्यादा आहे. टर्मिनल ५ ला २००१ साली परवानगी देताना घातलेली ही अट. दोन धावपट्ट्या केव्हाच भरल्या आहेत. नवीन कंपनीला उतरायची वेळ हवी तर दुसऱ्याकडून ती विकत घ्यावी लागते. २०१३ साली आपल्या जेट एअरवेजने अशा तीन जोड्या एतिहादला ७ कोटी डॉलरना विकल्या. २०१६ साली ओमान एअरने एकाच जोडीसाठी साडेसात कोटी डॉलर मोजल्याच्या बातम्या होत्या. मुंबईतही दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि तिथेही वेळांची ओढाताण असते.

हा पैसा विमानतळाला मिळत नाही, तो कंपन्या-कंपन्यांत फिरतो. यातून एक अप्रिय निष्कर्ष निघतो. भरलेल्या विमानतळावर भाडे खर्चावर ठरत नाही, मागणीवर ठरते. फी दोन पौंडांनी उतरली म्हणून डिसेंबरचे तिकीट दोन पौंडांनी उतरेलच असे नाही, फरक कंपनीच्या खिशातही राहू शकतो. म्हणून कंपन्या 'प्रवाशांच्या हितासाठी' फी कमी करा म्हणतात तेव्हा आम्ही थोडे सावध असतो. विमानतळ 'प्रवाशांच्या सोयीसाठी' फी वाढवा म्हणतो तेव्हाही तितकेच.

आता तिसरी धावपट्टी. हीथ्रोच्या २०२५ च्या आराखड्यात धावपट्टी आणि तिच्या भोवतालच्या कामांना २१ अब्ज आणि नव्या टर्मिनलसारख्या वाढीव क्षमतेला १२ अब्ज पौंडांचा अंदाज आहे. जुन्या इमारतींचे नूतनीकरण त्याहून वेगळे. हे ३३ अब्ज आजच्या २० अब्जांत मिळवले आणि परताव्याचा दर तोच धरला, तर भांडवलाचा मोबदला वर्षाला १७० कोटी पौंडांच्या पुढे जातो. तो आजच्या प्रवाशांवर टाकला तर माणशी वीस पौंड होतात. प्रवासी १५ कोटींवर गेले, जे विमानतळाचे उद्दिष्ट आहे, तर साडेअकरा. दोन्ही आकडे घसारा सोडून आहेत आणि आमचे ढोबळ गणित आहे, पण मुद्दा स्पष्ट होतो. किती खर्च झाला याइतकेच तो कधीपासून वसूल करायचा हे महत्त्वाचे आहे. धावपट्टी उघडण्याआधीच वसुली सुरू झाली, तर आज प्रवास करणारे आजी-आजोबा अशा धावपट्टीचे पैसे भरतील जी कदाचित त्यांची नातवंडे वापरतील.

दुसरी बाजूही न्याय्यपणे मांडायला हवी. धावपट्टी झाली तर वेळांची टंचाई कमी होईल, मुंबईच्या मार्गावर नव्या कंपन्यांना जागा मिळू शकेल आणि टंचाईची मलई पातळ होईल. फी वाढूनही एकूण भाडे उतरू शकते. म्हणून आमचा विरोध बांधण्याला नाही. जो धोका गुंतवणूकदाराने घ्यायचा, तो गुपचूप प्रवाशाच्या माथी मारण्याला आहे. करोनाच्या तोट्यापोटी हीथ्रोने आपल्या मालमत्तेच्या आकड्यात २ अब्जांहून जास्त भर घालू देण्याची मागणी केली होती, तेव्हा सीएएने २०२१ साली फक्त ३० कोटी मान्य केले. नियामक ठाम राहिला तर फरक पडतो, हे यातून दिसते.

आपल्या हातात काय आहे?

आधी घरातले. १६ वर्षांखालील मुलांना सर्वांत खालच्या वर्गात एअर पॅसेंजर ड्यूटी माफ आहे. तिकीट काढताना मुलांच्या नावापुढे ती लागलेली नाही ना, हे पाहावे. दोन मोठे आणि दोन लहान असे कुटुंब इकॉनॉमीने गेले तर हा कर २०४ पौंड होतो. तेच कुटुंब प्रीमियम इकॉनॉमीत बसले तर बहुधा चौघांनाही वरचा दर लागतो, म्हणजे ९७६ पौंड. पाय पसरायला मिळणाऱ्या चार इंचांची किंमत ठरवताना हा आकडाही मनात असू द्यावा. आणि काही कारणाने प्रवास झालाच नाही, तिकीट 'नॉन-रिफंडेबल' असले, तरी हा कर कंपनीला सरकारकडे भरावा लागत नाही. तो परत मागावा. काही कंपन्या त्यातून थोडे शुल्क कापतात, पण मागितल्याशिवाय सहसा कोणी देत नाही.

आता घराबाहेरचे. सीएए असो की एरा, दर ठरवण्याआधी दोन्ही संस्था आपला मसुदा जाहीर करतात आणि लेखी अभिप्राय मागवतात. विमान कंपन्यांकडे वकील असतात. २०२३ साली ब्रिटिश एअरवेज, व्हर्जिन अटलांटिक आणि डेल्टा यांनी हीथ्रोच्या दरांविरुद्ध स्पर्धा प्राधिकरणाकडे अपील केले होते, आणि हीथ्रोनेही उलट बाजूने केले होते. त्या टेबलावर सुट्टीत घरी जाणाऱ्या कुटुंबाची खुर्ची कुठेच नव्हती.

ती खुर्ची मागायला हरकत काय आहे? आपल्या मंडळासारख्या संस्थांनी एकत्र येऊन दोन पानांचे निवेदन पाठवले तरी ते नोंदवले जाते. त्यात तीनच गोष्टी मागाव्यात असे आम्हाला वाटते. तिकिटावर सरकारचा कर, विमानतळाची फी आणि कंपनीचा अधिभार स्वतंत्र ओळींत दाखवावेत. नव्या बांधकामाची वसुली ते वापरात आल्यावरच व्हावी. आणि लँडिंग शुल्क कमी करून प्रवाशावरची फी वाढवली जाते, तेव्हा त्याचा प्रवाशाला काय फायदा झाला हे नियामकाने पुढच्या आढाव्यात आकड्यांनी दाखवावे.

यापैकी एकही मागणी अवाजवी नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत आपण मेंटेनन्सच्या एकेका रुपयाचा हिशेब मागतो, लिफ्टच्या बिलावरून तासभर वाद घालतो. वर्षाआड ज्या दारातून आपण घरी जातो, त्या दाराचा हिशेब विचारायला संकोच कशाला? अशा निवेदनासाठी ज्यांना वेळ देता येईल किंवा ज्यांना या क्षेत्राची माहिती आहे, त्यांनी कार्यकारिणीशी जरूर संपर्क साधावा.